वाट बघायच्या खोल्या

मी तीन तास एका जागी गप्प बसू शकते, असं कुणी माझ्या आईला सांगितलं तर ती आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघेल. पण मी बसलेय. एकदा नव्हे, चांगली वीस-पंचवीस वेळा. जमिनीपासून दहा फूट उंचावर, सहा बाय सहाच्या लाकडी खोलीत, शालनमावशींच्या शेजारी. माझ्या तोंडातून शब्द निघाला की त्या माझ्या गुडघ्यावर टिचकी मारायच्या. एक टिचकी म्हणजे गप्प. दोन म्हणजे हलू नकोस. तीन टिचक्या मला एकदाच मिळाल्या. तेव्हा मी पिशवीतून चकली काढली होती.

हरणांच्या शिकारीला जाणारे अमेरिकन लोक अशा खोल्यांत बसून राहतात, हे मला अमेरिकेत कॅरी गावी येईपर्यंत ठाऊक नव्हतं. शिकारी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर रान तुडवणारा मिशाळ माणूस यायचा. इथला शिकारी गाडीतून येतो, जिना चढून खोलीत जातो, दार लावून घेतो आणि कॉफी पीत हरणाची वाट बघतो. आणि आमच्या भागातल्या बऱ्याच शिकाऱ्यांच्या खोल्या सांगलीकडच्या एका साठीच्या बाईने बांधलेल्या होत्या.

आमची ओळख झाली २००२ च्या गणपतीत. मंडळाने शाळेचा हॉल घेतला होता आणि आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी हौसेने प्लायवूडचं स्टेज ठोकलं होतं. त्यात माझा नवरा निखिलही होता. छोट्या मुलींचा नाच सुरू झाला आणि स्टेज असं काही करकरायला लागलं की गाणं ऐकू येईना. लोक हसायला लागले, मुली रडायला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठली. जीन्स, पुरुषी चौकड्यांचा शर्ट, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. सरळ स्टेजखाली शिरली.

"खिळे मारलेत!" खालून आवाज आला. "खिळे! कुणाचं काम हे?"

निखिलने शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"शिकलायस काय?"

"एम.टेक."

"मग बरोबर."

पर्समधून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला, मूठभर स्क्रू काढले आणि मेणबत्तीचा एक तुकडा काढला. प्रत्येक स्क्रू मेणात फिरवून मग पिळायचा. पंधरा मिनिटांनी त्याच स्टेजवर लेझीम झालं, आणि फळी हूं की चूं करेना. बाई शर्टावरची धूळ झटकत माझ्याजवळ आल्या, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुझं वजन किती गं?"

मी गारच. पहिल्या भेटीत हे!

"अगं, रागावू नकोस. मला माझ्यापेक्षा थोडं जड माणूस पाहिजे. दोन माणसं बसल्यावर फळी कशी बोलते ते दोन माणसं बसल्याशिवाय कळत नाही. आधी नवराच बसायचा माझा. आता तो खोकतो. खोकणारं माणूस टेस्टला चालत नाही."

मी तेव्हा निखिलच्या व्हिसावर आलेली. नागपूरला कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. इथे नोकरीची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, दिवसभर अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघायचा. वजनाच्या गुणावर का होईना, कुणीतरी आपल्याला बोलावतंय याचंच मला इतकं बरं वाटलं की मी हो म्हटलं. दुसऱ्याच मंगळवारी त्या जुनाट पिकअप ट्रक घेऊन दारात उभ्या. पुढची चार वर्षं तो ट्रक मला न्यायला येत राहिला.

त्या राहायच्या कॅरीपासून पाऊण तासावर, नवऱ्याच्या वडिलार्जित जमिनीवर. नवरा वेस. विजेच्या खांबांवर चढणारा लाईनमन, उंचच्या उंच, बोलायला कमी. मावशी सत्तरच्या दशकात नर्स म्हणून इथे आल्या आणि त्यांच्या वॉर्डात हा माणूस खुबा मोडून दाखल झाला. विजेच्या खांबावरून पडला नव्हता, हरणासाठी झाडावर टांगलेल्या लोखंडी पाळण्यातून पडला होता. तो शुद्धीवर आल्यावर मावशींनी त्याला पहिला प्रश्न विचारला, की एवढा थोरला बाप्या झाडाला वटवाघळासारखा लटकतो कशाला? मग त्याच्याच तापाच्या तक्त्यामागे त्यांनी चित्र काढून दाखवलं. त्यांच्या गावी जोंधळ्यावर पाखरं बसू नयेत म्हणून शेतात माळा बांधायचे. चार खांब, वर फळ्या, डोक्यावर छप्पर. त्यांचे वडील त्या माळ्यावर जेवायचे, झोपायचे, गावाशी भांडायचेसुद्धा तिथूनच. वेसने बरा झाल्यावर चित्र बघून माळा बांधला. तो चुकला. मावशी रविवारी जाऊन दुरुस्त करून आल्या. "आणि मग राहिलेच," त्या सांगायच्या. तेवढीच त्यांची प्रेमकहाणी.

माळ्याला पुढे भिंती आल्या, दार आलं, जिना आला, कारण मोडक्या खुब्याच्या माणसाला शिडी नको. शेजाऱ्याने बघितलं, त्याला हवा झाला. त्याच्या मेव्हण्यालाही. नर्सची नोकरी सुटली आणि हेच काम झालं. पण नर्स काही आतून गेली नाही. प्रत्येक खोलीला दोन झरोके असायचेच, एक खाली, एक वर. "गॅसची शेगडी पेटवून दार लावून बसतात मेले. त्या गॅसने झोप लागते, आणि त्या झोपेतून उठता येत नाही," असं गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायच्या. एकाने थंडी येते म्हणून झरोका बुजवला, तर याच बाईने जाऊन त्याच्या भिंतीला करवतीने नवीन भोक पाडलं.

खोली आतून काळी कुळकुळीत रंगवायची, म्हणजे बाहेरच्याला आतली हालचाल दिसत नाही. जमिनीला आणि भिंतींना गालिच्याचे उरलेले तुकडे. खिडक्या सरकत्या, त्यांच्या खाचेत लोकरी पट्टी. बिजागऱ्या लोखंडी नाहीत, जुन्या कमरपट्ट्यांच्या चामड्याच्या. बसायला फिरती खुर्ची. ह्या खुर्च्यांची गंमत अशी, की त्या वर्षी-दोन वर्षांत आमच्याकडच्या किती कंपन्या बसल्या! ऑफिसं रिकामी व्हायची आणि सामान ढिगाने विकायला निघायचं. मावशी ट्रक भरून खुर्च्या आणायच्या. एकदा टेस्टला बसले तर खुर्चीच्या पाठीला निखिलच्या मित्राच्या नावाची चिठ्ठी. महिन्यापूर्वी ले-ऑफ झालेला, सामान बांधून पुण्याला परतलेला. मला हसू आलं. मावशींनी चिठ्ठी अलगद सोडवली, घडी करून मला दिली, आणि गुडघ्यावर एक टिचकी मारली.

खोली गिऱ्हाइकाला देण्याआधी स्वतः तीन तास त्यात बसायचं, हा त्यांचा नेम. मोडला नाही कधी. बसायचं आणि ऐकायचं. कुठली फळी कुरकुरते, कुठली खिडकी श्वास घेते. हातात विणकाम, सुया लाकडी, कारण धातूच्या वाजतात. मग सहा आठवडे खोली सताड उघडी टाकायची, लाकडाचा, डिंकाचा आणि मुख्य म्हणजे माणसाचा वास जायला. मला तिथे जाताना केसांना तेल नाही, पावडर नाही, गजरा तर स्वप्नातही नाही. एक गिऱ्हाईक भपकारे सेंट मारून खोली बघायला आलं, त्याला त्यांनी जिन्याखालीच उभं केलं. "हरणाला डोळे कमी, नाक फार," त्या म्हणायच्या. "तू दिसलीस तर ते विचार करतं. तुझा वास आला तर विचारसुद्धा करत नाही."

मी एकदा धीर करून विचारलं, "मावशी, पण त्या बिचाऱ्या हरणांना मारतात ना हे लोक?"

"मारतात. मी काय तुळशीवृंदावनं बांधतेय होय?" मग म्हणाल्या, "दहातले आठ झोपतात गं आत. बायको घरी, फोन गाडीत. मी झोपायच्या खोल्या बांधते असं समज."

तरी त्यांचा एक नियम होताच. बंदूक आत गेली की मावशी बाहेर. वेसच्या माळ्यात हंगामात त्या कधी बसल्या नाहीत. आणि गंमत बघा, तो माळा म्हणजे दिव्याखाली अंधार! शंभर लोकांना गालिचे घालून दिले आणि नवरा मात्र तीस वर्षांपूर्वीच्या कुजक्या फळ्यांत. दर वर्षी म्हणायच्या, "पुढच्या हंगामाआधी तुला नवीन बांधते." वेस म्हणायचा, घाई काय आहे. त्याला मराठी चारच शब्द यायचे, चहा, बस, गप आणि मावशींच्या आईचं नाव. त्या बडबडायला लागल्या की तो हसत म्हणायचा, "शालन, गप." आणि त्या गप्प व्हायच्या. दुसऱ्या कुणाचं नाही ऐकलं त्यांनी आयुष्यात.

२००६ च्या सप्टेंबरात डॉक्टरांनी सांगितलं की वेसची फुफ्फुसं संपत आलीत. नाताळ दिसला तर दिसला. वेसने काही मागितलं नाही. एवढंच म्हणाला, की नोव्हेंबरचा हंगाम मात्र चुकवायचा नाहीये. शिकारीचं राहू दे, पण वडिलांच्या जमिनीवर एक हरीण येताना बघायचंय.

मावशींनी सगळी कामं बंद केली. गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं, की कॅन्सल. वेसला पायरी चढता येत नव्हती, नाकाला नळी, मागे चाकांवरचं ऑक्सिजनचं नळकांडं. मग दहा फूट वर जायचं कसं? त्यांनी ओढ्याकडे उतरणारी टेकडी निवडली. माळ्याची मागची बाजू टेकडीच्या माथ्याला समपातळीत, पुढची बाजू दहा फूट अधांतरी, आणि माथ्यावरून दारापर्यंत छोटासा साकव. माणूस घरातून निघाला की एकही पायरी न चढता थेट खोलीत. खिडकी त्याच्या कोपराच्या उंचीवर. हात टेकायला फळी, नळकांड्याला कोनाडा. ऑक्सिजनजवळ शेगडी नको म्हणून गरम पाण्याच्या रबरी पिशव्या ठेवायला खुर्चीखाली पेटी, आणि जुन्या लुगड्यांची गोधडी. तीस वर्षं ज्या हातांनी परक्यांसाठी काम केलं, ते हात ह्या वेळी थांबेचनात. जेवायच्यासुद्धा नाहीत. मी डबा नेऊन तोंडासमोर धरायचे, तेव्हा दोन घास.

ऑक्टोबरच्या शेवटी खोली तयार झाली. आम्ही दोघी तीन तास बसलो. एक फळी बोलली नाही. उठताना मावशी म्हणाल्या, "आता सहा आठवडे उघडी टाकायची. आणि सहा आठवडे कुठून आणू मी?"

आणि मी, शहाणी, काय म्हणाले? "मावशी, निदान नारळ तरी फोडूया. नवीन वास्तू आहे."

एरवी त्यांनी मला हाकलून दिलं असतं. गजरा चालत नाही तिथे पूजा! पण त्या दिवशी त्या माझ्याकडे बघत राहिल्या. भीतीने माणूस कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं. म्हणाल्या, "धूप आहे का गं तुझ्याकडे?"

होता. मीच नेला. इंडियन स्टोअरमधला, चांगला गुग्गुळाचा, उग्र. नारळ फोडला, कापूर लावला, धूप चारी कोपऱ्यांत फिरवला. मावशींनी हात जोडले आणि मोठ्याने म्हणाल्या, "एक येऊ दे. माझ्या माणसासाठी एक येऊ दे." आठच दिवसांनी वेसने त्या खोलीत पाऊल टाकलं, वास घेतला आणि खुशीत म्हणाला, अरे वा, शालनच्या देवघरात बसायचंय वाटतं.

पाच आठवडे तो रोज दुपारी बसला. एक हरीण आलं नाही.

पहिले आठ दिवस कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मावशींनी साकवाजवळ उभ्या राहून मला फोन केला. आवाज अगदी सपाट. "मेधा, गालिच्यात बसलाय गं धूप. भिंती प्यायल्यात. बाहेर उभी राहिले तरी येतोय." वेसचा भाऊ म्हणत होता, की त्या वर्षी ओढ्यापलीकडे ओकच्या झाडांची फळं उदंड पडली होती, हरणं तिकडेच होती. तसंही असेल. मावशींना ते पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. ज्या हरणासाठी देवाला धूप दाखवला, ते हरीण धुपानेच येईना. आणि तो धूप माझा. आजही देवापुढे उदबत्ती लावताना माझा हात अडतो.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी सगळा गालिचा उपटून काढला आणि फळ्या व्हिनेगरने घासल्या. हातांची सालं निघाली. वेस दारात येऊन उभा राहिला, बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, "शालन, गप." त्या तर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यानेच मग दुसरी खुर्ची आत ओढून घेतली आणि तिच्यावर थोपटून म्हणाला, "बस." बंदूक त्याने केव्हाच घरी ठेवली होती. शेवटचा आठवडा मावशी रोज त्याच्या शेजारी बसल्या. हंगामात पहिल्यांदा.

डिसेंबरात एका दुपारी वेस घरीच वारला. मावशी चहा टाकत होत्या. त्यानंतर महिन्याभराने मी गेले, तेव्हा स्वयंपाकघरात बसून त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

"तिसऱ्या आठवड्यात एकदा घरी येऊन म्हणाला, आज दोन आल्या होत्या. एक मोठी, एक पाडस. अगदी खिडकीखाली. मी विचारलं, खरं? तर म्हणाला, मोठीचा एक कान फाटलेला होता. आता फाटक्या कानाचं सांगितल्यावर माणूस काय म्हणणार? मी लगेच गेले बघायला. माळ्याखालची माती मी मुद्दाम फावड्याने भुसभुशीत करून ठेवली होती, पाय उमटावेत म्हणून. मांजराचासुद्धा पाय नव्हता गं."

"मग?"

"मग काय. घरी आले आणि म्हटलं, हो रे, दिसले पाय. दोघींचे." त्यांनी टेबलावरचा नसलेला डाग बोटाने पुसला. "तीस वर्षांत तो माझ्याशी खोटं बोलला नव्हता. मी पण नाही. त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं आणि मी त्याला. आणि दोघांनाही ठाऊक होतं."

मी रडायला लागले आणि धुपाबद्दल बोलायला गेले. त्यांनी बोलू दिलं नाही. म्हणाल्या, "तू आणलास, पेटवला मी. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना शिकवत होते मी." माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठून भांडी घासायला लागल्या. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांनी एकही खोली बांधली नाही. फोन यायचे, त्या उचलायच्या नाहीत. ट्रक माझ्या दारात यायचा बंद झाला. तोवर मी गाडी शिकले होते, अधूनमधून जायचे, पण आमच्यात पूर्वीसारखं बसणं राहिलं नाही. मग निखिलला बॉथेलला नोकरी लागली. पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. २००७ च्या ऑक्टोबरात, निघायच्या आदल्या आठवड्यात, मी डब्यात पुरणपोळ्या घेऊन मावशींचा निरोप घ्यायला गेले.

घर उघडं होतं, आत कुणी नव्हतं. शेडमधल्या करवतीवर कापड टाकलेलं. म्हणून टेकडीकडे चालत गेले. दुपारचे चार वाजले असतील, ऊन अजून झाडांवर होतं. वळणावर आले आणि जागच्या जागी थांबले.

माळ्याखाली हरणं होती. मी मोजली, सात. ओढ्याच्या काठापासून थेट खांबांपर्यंत पसरलेली, निवांत चरत होती. एक पाडस तर खांबाला अंग घासत होतं. आणि वरची खिडकी उघडी होती. खिडकीत मावशी. वेसचा शर्ट, खांद्यावर गोधडी.

मला वाटलं, बघतायत. बघू देत. मी श्वास रोखून उभी राहिले.

आणि मावशी ओरडल्या. त्या बाईचा चढलेला आवाज त्या जागेत मी कधी ऐकला नव्हता.

"आता येता होय रे मुडद्यांनो? आता?"

खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून, चौकटीवर मुठी आपटत त्या ओरडत होत्या. "पाच आठवडे माणूस बसला होता इथं! पाच आठवडे! एक यायचं होतं रे! एकच! आता कुणासाठी येता? जा! निघा इथनं!"

हरणांनी माना वर केल्या. कान मावशींच्या दिशेने फिरवून क्षणभर ऐकलं. आणि मग एकेक करून पुन्हा चरायला लागली.